सर्दीच्या मुख्य विषाणूला काटे नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा ओसरू लागला की सर्दी-पडशावरचे लेख छापून येतात आणि त्यांच्या शेजारी एक चित्र हमखास असते. काटे फुटलेला लाल चेंडू, समोर पेशीची भिंत आणि भिंतीतल्या कुलपात किल्लीसारखा शिरलेला एक काटा. आपल्या आरोग्यविषयक पानावरही तेच चित्र होते. हे चित्र करोनाचे आहे. करोनाच्या कुळातले चार जुने विषाणू साधी सर्दी देतात हे खरे, पण सर्दीच्या दर दोन रुग्णांपैकी साधारण एकाच्या नाकात सापडतो तो ऱ्हायनोव्हायरस, आणि चित्रातल्यासारखे काटे त्याला नसतात. पेशीला चिकटण्याची त्याची तऱ्हा जवळजवळ उलटी आहे. चूक चित्रापुरतीच असती तर पत्र लिहायचे कारण नव्हते. पण लेखात पुढे 'साबणाने विषाणूचे चरबीचे आवरण विरघळते' असेही म्हटले होते. ऱ्हायनोव्हायरसला असे आवरणच नसते. चिकटण्याची रीत चुकीची समजली की साबण, लस, वाफारा, गोळ्या यांचे सगळेच हिशेब चुकतात.

हा विषाणू म्हणजे सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचा प्रथिनांचा चेंडू. असे ३३ हजार चेंडू एका ओळीत मांडले तर एक मिलिमीटर भरतो. कवचात चार प्रकारची प्रथिने असतात आणि प्रत्येकाच्या ६० प्रती. आत साधारण ७,२०० अक्षरांचा आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय माहितीचा, एकच धागा. फुटबॉलवर जशी पंचकोनी ठिगळे असतात तसे या चेंडूवर १२ उंचवटे आहेत आणि गडाभोवती खंदक असावा तशी प्रत्येक उंचवट्याभोवती एक खोल चर फिरलेली आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मायकेल रॉसमन यांच्या गटाने १९८५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या विषाणूच्या १४ क्रमांकाच्या प्रकाराची अणूंपर्यंतची रचना उलगडली, तेव्हा ही चर प्रथम दिसली. तिला त्यांनी कॅन्यन म्हटले. मराठीत घळ म्हणावे, शब्द चपखल बसतो. तिची खोली दोन-अडीच नॅनोमीटर आहे.

आता पेशीची बाजू. नाकाच्या आणि घशाच्या अस्तरातील काही पेशींच्या पृष्ठभागावर आयकॅम-१ नावाचे प्रथिन उभे असते. एका दोऱ्यात ओवलेले पाच मणी उभे धरावेत, तशी त्याची ठेवण. सर्वांत वरच्या मण्याचे टोक निमुळते असते आणि ते विषाणूच्या घळीत जाऊन बसते. म्हणजे किल्लीसारखा भाग पेशीकडे आहे आणि कुलपासारखी खाच विषाणूकडे. हे १९८९ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले. आयकॅम-१ पेशीने विषाणूसाठी बाळगलेले नाही, हे सांगायला हवे. जिथे दाह होतो तिथे पांढऱ्या पेशींना धरून थांबवणे हे त्याचे रोजचे काम. विषाणू फक्त त्या खुंटीचा फायदा उठवतो. निरोगी नाकात आयकॅम-१ बेताचेच असते, पण दाह झाला की वाढते आणि खुद्द ऱ्हायनोव्हायरसची लागणही ते वाढवते. धुळीच्या किंवा परागकणांच्या अ‍ॅलर्जीने ज्यांचे नाक बारमाही सुजलेले असते त्यांच्या अस्तरावर या खुंट्या आधीच जास्त असतात.

ही घळ इतकी अरुंद का, हा प्रश्न आम्हाला सर्वांत रंजक वाटतो. रॉसमन यांचे म्हणणे असे होते की, आपली प्रतिपिंडे (अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला ओळखून धरणारी आपली प्रथिने) घळीत उतरू शकत नाहीत. प्रतिपिंडाच्या टोकाला दोन प्रथिन-घड्या शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे ते रुंद. आयकॅम-१ च्या टोकाला एकच घडी, त्यामुळे ते सडपातळ. परिणामी घळीचा तळ पिढ्यानपिढ्या न बदलता टिकतो आणि बदल होत राहतात ते काठावर, जिथे प्रतिपिंडे येऊन बसतात. पुढे १९९६ मध्ये पर्ड्यूच्याच गटाला घळीत बऱ्यापैकी आत उतरणारे एक प्रतिपिंड सापडले, म्हणून तो सिद्धांत जसाच्या तसा राहिला नाही. काठ बदलतात ही गोष्ट मात्र खरीच. आज या विषाणूचे १६० हून अधिक प्रकार नोंदलेले आहेत आणि एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला सहसा ओळखत नाहीत. सर्दीची लस का नाही, याचे मुख्य उत्तर इथे आहे. 'मला वर्षात तिसऱ्यांदा सर्दी झाली, माझी प्रतिकारशक्ती गेली' अशी तक्रार आपण ऐकतो. प्रौढांना वर्षाला दोन-तीन आणि लहान मुलांना सहा-आठ सर्द्या होणे हे सर्वसाधारण आहे. प्रत्येक वेळचा पाहुणा बहुधा वेगळा असतो.

सगळेच ऱ्हायनोव्हायरस आयकॅम-१ वापरत नाहीत. त्यांचे ए, बी आणि सी असे तीन गट आहेत. ए आणि बी गटांतील सुमारे ९० टक्के प्रकार ते वापरतात, उरलेले डझनभर प्रकार एलडीएल रिसेप्टरच्या (एलडीएलला धरणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनाच्या) कुटुंबाला धरतात. हो, कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमध्ये असतो तोच एलडीएल. रक्तातून कोलेस्टेरॉल आत ओढून घेण्याची ही पेशींची सोय आहे, विषाणू त्या गाडीत बसून आत जातो. हे प्रकार घळीत न अडकता उंचवट्याच्या माथ्याजवळ चिकटतात.

सी गटाची कथा निराळी. तो २००६ पर्यंत कोणाला माहीतच नव्हता, कारण प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या नेहमीच्या पेशींमध्ये तो वाढतच नसे. तो चिकटतो सीडीएचआर-३ या प्रथिनाला आणि ते असते फक्त सूक्ष्म केस असलेल्या पूर्ण वाढीच्या पेशींवर. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना हे केस नसतात. हा रिसेप्टर २०१५ मध्ये सापडला. त्याच्या एकच वर्ष आधी, या प्रथिनाच्या जनुकातील एका अक्षराच्या फरकाचा लहान मुलांतील दम्याच्या तीव्र झटक्यांशी संबंध आढळला होता. त्या फरकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर सीडीएचआर-३ जास्त येते आणि विषाणूला पकडायला जास्त जागा मिळते. दम्याच्या मुलाला 'नुसती सर्दी' झाली तरी ती हलक्यात घेऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यामागे हे रेणवीय कारण उभे आहे. न्याय म्हणून सांगायचे तर, सी गटातल्या कवचावर बोटांसारखे बारीक उंचवटे दिसतात. तरीही ते करोनाचे काटे नव्हेत.

आणि करोना? सर्दी देणाऱ्या त्या चार जुन्या विषाणूंनाही एकच कुलूप नाही. २२९-ई हा अमिनोपेप्टिडेज-एन या विकराला (एन्झाइमला) धरतो, एनएल-६३ हा एसीई-२ ला, म्हणजे कोविडचा विषाणू धरतो त्यालाच. उरलेले दोघे, ओसी-४३ आणि एचकेयू-१, पेशीवरच्या प्रथिनांना लटकलेल्या सायलिक आम्ल नावाच्या शर्करेला चिकटतात. एकाच शिंकेच्या मागे इतके निरनिराळे दरवाजे असल्यामुळे 'सर्दीवर एक औषध' ही अपेक्षाच अवघड आहे.

चिकटण्याआधीचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. नाकाच्या अस्तरावर शेंबडाचा पातळ थर असतो. खालच्या पेशींचे केस सेकंदाला १० ते १५ वेळा हलतात आणि तो थर मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने घशाकडे ढकलतात. नाकात, पुढच्या बाजूला सॅकरिनचा कण ठेवला तर धडधाकट माणसाला साधारण २० मिनिटांच्या आत घशात गोड लागते. कान-नाक-घशाचे डॉक्टर हीच चाचणी करतात. शेंबूड गिळला की विषाणूचा कारभार आटोपतो, कारण ऱ्हायनोव्हायरसला जठरातले आम्ल सोसत नाही. पण वाटेत, नाकाच्या मागच्या कोपऱ्यात, अ‍ॅडेनॉइड या नाकामागच्या ग्रंथीच्या आसपास आयकॅम-१ भरपूर असलेल्या पेशी आहेत. कचरा वाहून नेणारा पट्टाच विषाणूला नेमक्या दारात आणून सोडतो. प्रयोगातल्या स्वयंसेवकांमध्ये लागण बहुधा तिथून सुरू होताना दिसली आहे. डोळ्याला बोट लागले तरी तोच परिणाम, कारण अश्रू नळीतून नाकातच उतरतात. तोंडावाटे मात्र हा विषाणू सहजी लागत नाही.

चिकटल्यानंतर काय घडते? घळीच्या तळाखाली एक पोकळी असते आणि तिच्यात चरबीसारखा एक रेणू खिळीसारखा बसलेला असतो. आयकॅम-१ घळीत दाबून बसले की ही खिळी निसटते, कवच सैलावते, सर्वांत आतले चौथे प्रथिन बाहेर पडते आणि पेशीने आत ओढलेल्या पिशवीतून आरएनएचा धागा पेशीद्रवात सोडला जातो. म्हणजे ती पकड विषाणूला धरून ठेवते आणि उघडतेही. पहिले नवे विषाणू आठ-दहा तासांत नाकात दिसू लागतात, लक्षणे मात्र अर्ध्या दिवसापासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही. विषाणूचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो, म्हणून दुसऱ्याला देण्याचा धोकाही तेव्हाच जास्त. हा विषाणू ३३ ते ३५ अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो आणि श्वास घेणाऱ्या नाकाचे तापमान नेमके तेवढेच असते. इंग्लंडमध्ये डेव्हिड टायरल या विषाणूतज्ज्ञांना १९६० च्या सुमारास प्रयोगशाळेत तो वाढवता आला, तो नळ्यांचे तापमान ३७ वरून ३३ वर आणल्यावर.

आणखी एक गैरसमज इथेच फिटतो. नाकातल्या फार थोड्या पेशींना प्रत्यक्ष लागण होते, अस्तर फारसे उद्ध्वस्त होत नाही. पाणी गळणे, चोंदणे, शिंका, घशाची खवखव हे सगळे बव्हंशी आपल्याच दाहक रसायनांचे काम. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जीवाणूंचा संसर्ग झाला, असे समजून लोक औषधांच्या दुकानातून अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी आणतात. तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा असतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन जीवाणूंच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर, काम करते, अमॉक्सिसिलिन त्यांच्या पेशीभित्तिकेवर. घळ असलेल्या या चेंडूकडे यांपैकी काहीच नाही.

मग पकडच रोखता येणार नाही का? लोकांनी प्रयत्न केलेले आहेत आणि ते फसले का, हे वाचण्यासारखे आहे. एक वाट म्हणजे नाकात आयकॅम-१ चे सुटे तुकडे फवारायचे, म्हणजे विषाणू त्यांनाच चिकटून राहील. ट्रेमाकाम्रा नावाच्या अशा फवाऱ्याची चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. लक्षणे खरोखरच कमी झाली. पण फवारा सुरू केला होता तो विषाणू नाकात सोडण्याच्या सात तास आधी किंवा बारा तासांनंतर. घरी बसलेल्या माणसाला आपल्याला आता बारा तास झाले हे कळणार कसे? पहिली शिंक येईपर्यंत बस निघून गेलेली असते. दुसरी वाट त्या खिळीची. प्लेकोनॅरिल हे औषध घळीखालच्या पोकळीत घट्ट बसते आणि कवच उघडू देत नाही. सर्दी साधारण एक दिवसाने कमी झाली, पण ते गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करील अशी भीती होती आणि अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने २००२ मध्ये मंजुरीच्या विरोधात मत दिले. आठवड्यात आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारासाठी कोट्यवधी निरोगी लोकांना द्यायचे औषध जवळजवळ निर्धोकच हवे. हा निकष आम्हाला योग्य वाटतो. जस्ताचे आयन पकड अडवतात अशा कल्पनेतून नाकात लावायची जस्ताची जेलही निघाली. वास घेण्याची शक्ती गेल्याच्या तक्रारींनंतर २००९ मध्ये अमेरिकेत तिच्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. जस्त नाकात घालू नये.

आता साबणाकडे. कोविडचा विषाणू चरबीच्या आवरणाचा, म्हणून साबण त्याला फोडतो. ऱ्हायनोव्हायरसला साबण फोडत नाही, चोळण्याने आणि वाहत्या पाण्याने तो निघून जातो. त्यामुळे फेस आला की काम झाले असे नाही. बोटांच्या फटी आणि नखांच्या कडा मिळून किमान २० सेकंद चोळणे आणि मग धार, हेच खरे काम. सॅनिटायझर निरुपयोगी आहे असेही नाही. पुरेशा तीव्रतेचे इथेनॉल कवचाच्या प्रथिनांना बिघडवते. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हातावरचा ऱ्हायनोव्हायरस घालवण्यात ते साबण-पाण्यापेक्षा सरस ठरले होते. पण त्याच संशोधकांनी २०१२ मध्ये स्वयंसेवकांना दिवसभर ठरावीक अंतराने आम्लयुक्त अल्कोहोल हाताला लावायला सांगितले, तेव्हा ऱ्हायनोव्हायरसच्या लागणी लक्षणीय घटल्या नाहीत.

याचे एक संभाव्य उत्तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या १९८७ मधल्या पत्त्यांच्या डावात मिळते. एलियट डिक यांच्या गटाने सर्दी झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांना एका खोलीत १२ तास पोकर खेळायला बसवले. निरोग्यांपैकी काहींच्या हातांना पट्टे किंवा गळ्याभोवती मोठी कॉलर होती, म्हणजे बोट नाका-डोळ्याला लागणारच नाही. तरी त्यांनाही जवळपास इतरांइतकीच लागण झाली. उलट, रुग्णांनी हाताळून चिकट झालेले पत्ते दुसऱ्या खोलीतल्या निरोग्यांना खेळायला दिले आणि मुद्दाम नाक-डोळे चोळायला सांगितले, तर एकालाही सर्दी झाली नाही. व्हर्जिनियातल्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगांमध्ये मात्र हातावाटे लागण स्पष्ट दिसली होती. आमचा कल असा की हात आणि हवा या दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि बंद खोलीत हवा जास्त महत्त्वाची. शाळेच्या वर्गाची खिडकी थंडीत घट्ट लावून दारात सॅनिटायझरची बाटली ठेवणे म्हणजे पुढचे दार लावून मागचे उघडे टाकणे.

घरगुती उपायांबद्दल थोडेच. पेशीत शिरलेला विषाणू वाफाऱ्याने बाहेर येत नाही. क्षणभर नाक मोकळे वाटते, एवढेच. मुलाच्या पुढ्यात उकळत्या पाण्याचे पातेले ठेवून वर टॉवेल टाकू नका, भाजण्याचा धोका सर्दीपेक्षा मोठा आहे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे त्याहून बरे. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे पाच मिलिलिटरच्या सपाट चमच्याने दीड चमचा. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. नळाच्या किंवा विहिरीच्या कच्च्या पाण्यातला नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो, म्हणून जलनेती करणाऱ्यांनीही हे पाळावे. नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपुढे नकोत, पुढे तेच नाक चोंदवतात. चार वर्षांखालील मुलांना क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण देऊ नये असे आपल्या केंद्रीय औषध नियामकाने २०२३ मध्ये बजावले आहे. घरातली बाटली उलटी करून लेबल वाचावे. दही-केळ्यांचा घळीशी काही संबंध नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जायचे, हे श्वास मोजून ठरवता येते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर ते सर्दीचे प्रकरण राहिलेले नाही. त्याच दिवशी दाखवावे.

चित्राविषयी एक विनंती. पुढच्या वेळी चित्रकाराला काटे रेखाटायला लावू नका. एक गुळगुळीतसर चेंडू, त्यावरच्या पंचकोनी उंचवट्यांभोवती चर आणि पेशीकडून वर आलेले मण्यांचे बारीक टोक त्या चरीत रुतलेले, एवढे पुरेल. खाली 'मोजमाप: ३० नॅनोमीटर' असे लिहिले तर सोन्याहून पिवळे.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे